इन्सिडंट चालू असताना प्रॉडक्शनला हात लावायचा तर मंजुरी आधी की दुरुस्ती आधी?

प्रश्न असा आहे: कंपनीत कुठल्याही चेंजसाठी फॉर्म, दोन मंजुऱ्या आणि आठवड्यातून एकदा बैठक अशी पद्धत आहे. प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरतात ती चालू सिस्टीम, बंद पडलं (या बिघाडालाच इन्सिडंट म्हणतात) की टीम म्हणते, आधी दुरुस्त करू, फॉर्म नंतर भरू. ऑडिटवाले म्हणतात, फॉर्मशिवाय कशालाही हात लावायचा नाही. गेल्या खेपेला रात्री दुरुस्ती झाली, पण कोणी नेमकं काय बदललं हे दुसऱ्या दिवशी कोणालाच सांगता येईना. मग करायचं कसं?

यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात गंभीर वाटतं. वाद मंजुरीवरून चालला आहे, पण नुकसान झालं ते नोंद न राहिल्यामुळे. मंजुरी नंतर घेता येते. बदलाआधी सिस्टीम कशी होती, हे मात्र नंतर कुठूनही आणता येत नाही. वीसेक वर्षं ऑन-कॉल, म्हणजे बिघाड झाला की धावून जाण्याची पाळी, केल्यावर माझं मत असं झालं आहे की तातडीच्या वेळी सह्या, बैठका, फॉर्ममधले तीस रकाने हे सगळं बाजूला ठेवता येतं. तीन गोष्टी मात्र कधीच बाजूला ठेवता येत नाहीत: काय बदलतोय, जमलं की नाही ते कशावरून कळेल, आणि नाही जमलं तर मागे कसं यायचं.

आयटिलच्या, म्हणजे आयटी सेवा सांभाळण्याच्या एका रूढ चौकटीच्या, भाषेत चेंजचे तीन प्रकार असतात: आधीच मंजूर असलेले स्टँडर्ड, नेहमीचे नॉर्मल आणि तातडीचे इमर्जन्सी. इमर्जन्सी चेंज म्हणजे प्रक्रिया गुंडाळून ठेवणं, असा अर्थ बऱ्याच ठिकाणी घेतला जातो. खरं तर प्रक्रिया तीच राहते, फक्त माणसं कमी होतात आणि कागद मागून येतात. रात्री दोन वाजता समिती जमत नाही, जमवूही नये. ब्रिज कॉलवर (सगळे जोडलेले असतात त्या कॉलवर) इन्सिडंट सांभाळणारा एक माणूस आणि ती सिस्टीम जाणणारा दुसरा, एवढ्यांनी 'हो' म्हटलं की पुरे. पण ही दोन माणसं वेगळी हवीत, आणि कमांड टाइप करणाऱ्याने स्वतःच्या बदलाला स्वतःच मंजुरी देऊ नये. कीबोर्डवर बसलेल्याची नजर एका खिडकीत अडकलेली असते. सगळीकडचं चित्र पाहणारा कोणीतरी त्याच्या शेजारी लागतो. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातले वणवे विझवताना अनेक दलांचा एकमेकांशी मेळ बसेना, म्हणून तिथे 'इन्सिडंट कमांड' ही पद्धत घडवली गेली. आपल्या क्षेत्राने ती तिथूनच उचलली, आणि तिचा गाभा हाच आहे की निर्णयाची सूत्रं एका ठिकाणी आणि हात दुसऱ्या ठिकाणी.

आता प्रत्यक्ष बदलाकडे येऊ. मी ज्या टीमसोबत काम करते तिथे एक सवय आम्ही हट्टाने लावली आहे. एंटर दाबण्याआधी इन्सिडंटच्या चॅनेलमध्ये एक निरोप टाकायचा. तो साधारण असा असतो: 'ॲप-3 वर डेटाबेस कनेक्शनची मर्यादा 200 वरून 80 करतोय. कारण डेटाबेसवर कनेक्शनचा ढीग साचलाय. पाच मिनिटांत टाइमआउट कमी व्हायला हवेत. नाही झाले तर परत 200.' एवढं लिहायला मिनिटभरही लागत नाही. आणि त्यात सगळं येतं: जुनी किंमत, नवी किंमत, कारण, अपेक्षा, परतीची वाट. निरोपावर वेळ आपोआप पडते, लिहिणाऱ्याचं नाव पडतं, वरच्या माणसाचं 'कर' हे उत्तर खालीच येतं. ऑडिटला नेमकं हेच हवं असतं. सकाळी फॉर्म भरायचा तो या निरोपांवरून, आठवणीवरून नाही.

या निरोपाचा आणखी एक उपयोग आहे, आणि माझ्या लेखी तो नोंदीपेक्षाही मोठा आहे. अपेक्षा लिहायला बसलं की कळतं, आपल्याला कारण माहीत आहे की आपण अंधारात चाचपडतोय. 'बघू काय होतं' याखेरीज काही लिहिता येत नसेल, तर तो बदल अजून करण्याजोगा झालेला नाही. अशा वेळी मी माणसाला थांबवते आणि आणखी दोन मिनिटं लॉग पाहायला सांगते.

कुठल्या मशीनवर आहोत, हेही मोठ्याने वाचावं. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत रात्री उशिरा एक थकलेला इंजिनिअर डेटाबेसचं रेप्लिकेशन (मुख्य सर्व्हरची प्रत दुय्यम सर्व्हरवर ठेवणं) दुरुस्त करत होता. दुय्यम सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी रिकामी करायची होती, पण कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, तोवर सुमारे 300 जीबीतले जेमतेम साडेचार जीबी उरले होते. नेहमीचे बॅकअप पाहायला गेले, तर ते कधीपासून बनतच नव्हते. बॅकअपचं साधन पोस्टग्रेस या त्यांच्या डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचं होतं, डेटाबेस नव्या आवृत्तीचा, आणि फसल्याचे इमेल वाटेतच नाकारले जात होते. वाचवलं ते सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने. त्या कंपनीने सगळं उघडपणे मांडलं, म्हणून आज आपल्याला शिकता येतं. मी त्यातून घेतलं ते असं: काहीही पुसणारी, ओव्हरराइट करणारी किंवा थांबवणारी कमांड असेल तर दुसऱ्या माणसाने होस्टनेम वाचून दाखवायचं, आणि पुसण्याऐवजी नाव बदलून बाजूला ठेवता येत असेल तर तेच करायचं. जागा नसेल तर आधी जागा करायची.

एका वेळी एकच बदल. हे सगळे मान्य करतात आणि दडपणाखाली सगळे मोडतात. माझ्या एका जुन्या नोकरीत पेमेंटची सेवा अडखळत होती. एकाने थ्रेड पूलचा (एका वेळी किती कामं हाताळायची, त्या मर्यादेचा) आकार वाढवला, त्याच दोन मिनिटांत दुसऱ्याने कॅशची मुदत कमी केली, आणि मी वाहतूक वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरमधून एक नोड, म्हणजे एक सर्व्हर, काढला. सेवा सुरू झाली. श्रेय थ्रेड पूलला मिळालं आणि तोच उपाय म्हणून लिहिला गेला. दहा दिवसांनी तोच त्रास पुन्हा झाला. आम्ही आत्मविश्वासाने थ्रेड पूल आणखी वाढवला आणि डेटाबेसच खाली बसवला. खरं कारण होतं त्या नोडवरचं खराब नेटवर्क कार्ड. पहिल्या रात्री मी तो नोड काढला होता, सकाळी कोणीतरी 'हा बाहेर का आहे?' म्हणून परत आत घातला होता. आमच्या तिघांपैकी एकानेही लिहून ठेवलं असतं, तर दुसरी रात्र टळली असती.

बदल निवडायचा कसा, यावर माझं मत ठाम आहे. ग्राहकाचा त्रास थांबवणं आणि मूळ दोष दुरुस्त करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि इन्सिडंट चालू असताना फक्त पहिलं करायचं. त्यासाठी परत फिरवता येतील असे बदल आधी: फीचर फ्लॅग (एखादी सुविधा चालू-बंद करण्याचा स्विच) बंद करणं, वाहतूक दुसऱ्या रीजनला वळवणं, क्षमता वाढवणं, शेवटचं डिप्लॉयमेंट मागे घेणं. नवा कोड लिहून पुढे ढकलणं अगदी शेवटी. पहाटे लिहिलेला हॉटफिक्स तीन ओळींचा असला तरी तो कोणी तपासलेला नसतो. रीस्टार्टबद्दल एवढंच सांगते की तो करायला हरकत नाही, पण आधी थ्रेड डंप आणि हीप डंप (चालू प्रोग्रामच्या त्या क्षणाच्या स्थितीची आणि मेमरीची प्रत) घ्या. अनेक नोड असतील तर एक नोड वाहतुकीतून काढून तसाच ठेवा आणि बाकीचे सुरू करा. नाहीतर सेवा परत येते, पण का पडली होती याचा पुरावा मेमरीबरोबर जातो.

आणि एक पर्याय नेहमी विसरला जातो, तो म्हणजे काहीच न करणं. सेवा मंद आहे पण स्थिर आहे, सिस्टीम जाणणारा माणूस तासाभरात उठणार आहे, आणि हातातला बदल धोक्याचा आहे, तर थांबणं हाही निर्णयच आहे. तोही वेळ टाकून चॅनेलमध्ये लिहावा.

रोलबॅकवर जरा थांबते, कारण 'काही झालं तर मागे जाऊ' हे वाक्य आपण फार सहज म्हणतो. 2012 मध्ये नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीला नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता, तो सातवर टाकला गेला. आठव्यावर जुना कोड राहिला. नव्या कामासाठी वापरलेला फ्लॅग पूर्वी एका बंद केलेल्या कामाचा होता, त्यामुळे 1 ऑगस्टला आठव्या सर्व्हरवर ते मृत काम जागं झालं आणि बाजारात ऑर्डरींचा पूर आला. इथवरची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पुढची कमी सांगितली जाते. गोंधळात टीमने ज्या सात सर्व्हरवर नवा कोड नीट बसला होता तिथून तो काढून टाकला, म्हणजे रोलबॅक केला. आता जुना कोड सगळ्याच सर्व्हरवर होता, फ्लॅग तसाच येत होता, आणि सातही सर्व्हर आठव्यासारखे वागू लागले. सुमारे 45 मिनिटांत कंपनीचं 46 कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. त्या माणसांनी घाईत जे केलं ते तुमच्या-माझ्या हातूनही झालं असतं. म्हणून मागे जाण्याआधी एक प्रश्न विचारायचा: कोड मागे गेला, तरी काय काय पुढेच राहणार आहे? फ्लॅग, कॉन्फिग, डेटाबेसचा स्कीमा, रांगेत थांबलेले नव्या स्वरूपाचे मेसेज, कॅशमधल्या नोंदी. डिप्लॉयमेंटनंतर नव्या पद्धतीने डेटा लिहिला गेला असेल, तर जुना कोड तो वाचू शकतो का, हे आधी पाहायचं. उत्तर माहीत नसेल तर एकाच सर्व्हरवर मागे जाऊन पाहावं.

'एकाच सर्व्हरवर' हा नियम तातडीत सर्वात आधी सुटतो. क्लाउडफ्लेअर या, साइटना संरक्षण आणि वेग पुरवणाऱ्या कंपनीत 2 जुलै 2019 ला फायरवॉलचा एक नवा नियम जगभर एकदम गेला. त्यातल्या एका रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरातला साचा शोधणाऱ्या सूत्राने) सगळ्या सर्व्हरचा सीपीयू 100 टक्क्यांवर नेला आणि 27 मिनिटं त्यांच्यामागच्या साइट कोलमडल्या. गंमत म्हणून सांगत नाही. बाकीचं सॉफ्टवेअर तिथे टप्प्याटप्प्याने जात असे, पण हल्ल्यांना चटकन उत्तर देता यावं म्हणून या नियमांसाठी मुद्दाम थेट जगभर जाण्याची वाट ठेवलेली होती. तातडीसाठी बांधलेली वाट नेहमीचे सगळे अडसर वगळून जाते, म्हणून तिच्यावर निदान एक थांबा हवाच: एक नोड, पाच मिनिटं, एक आलेख. सेवा पूर्ण बंद असली तरी हा थांबा ठेवा. बंद असलेली गोष्ट आणखी बिघडत नाही हा समज खोटा आहे, डेटा तेव्हाही खराब होऊ शकतो.

परतीची वाट बिघाडानंतरही चालू राहील का, हाही तितकाच मोठा प्रश्न. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीची सदोष फाइल ग्राहकांच्या मशीनवर गेली, ती त्यांनी 78 मिनिटांत मागे घेतली. पण तोवर जी मशीन पडली होती त्यांच्यापर्यंत सुधारलेली फाइल पोचणारच नव्हती, कारण ती सुरूच होत नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे 85 लाख विंडोज मशीनना फटका बसला, आणि असंख्य ठिकाणी माणसांना एकेक मशीन हाताने सेफ मोडमध्ये नेऊन फाइल पुसावी लागली. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुकचा बॅकबोन, म्हणजे डेटा सेंटर जोडणारं मुख्य नेटवर्क, देखभालीच्या एका कमांडने तुटला, तेव्हा दुरून दुरुस्ती करण्याच्या वाटाही त्याच नेटवर्कबरोबर गेल्या, आणि इंजिनिअरना डेटा सेंटरमध्ये जाऊन काम करावं लागलं. म्हणून फायरवॉल, राउटिंग, डीएनएस, लॉगिन यांतलं काही बदलत असाल तर स्वतःची शिडी त्यावरच उभी नाही ना, हे पाहा. नेटवर्कच्या उपकरणांवर यासाठी जुनी, चांगली सोय आहे: आधी 'दहा मिनिटांत मी पक्कं केलं नाही तर आपोआप जुनं कॉन्फिग लाव' असं सांगायचं, मग बदल करायचा. आणीबाणीची खाती सीलबंद ठेवा, ती नेहमीच्या सिंगल साइन-ऑनवर (सगळीकडे चालणाऱ्या एकाच लॉगिनवर) अवलंबून नसावीत, वापरली की सूचना जावी आणि वापरानंतर पासवर्ड बदलला जावा. दर तिमाहीला एकदा त्यांनी खरंच लॉगिन होतं का, हे करून पाहा.

सुरक्षेचा इन्सिडंट असेल तर हिशेब बदलतो. तिथे समोर माणूस असतो आणि तो तुमचे बदल पाहत असतो. घुसखोरी झालेलं मशीन बंद करू नका, नेटवर्कवरून तोडा, मेमरीची प्रत घ्या, डिस्कची प्रत घ्या, मग पुढचं. पासवर्ड एकेक करून बदलले तर हल्लेखोराला इशारा मिळतो आणि तो उरलेल्या खात्यांतून नवी दारं उघडतो. तयारी गुपचूप करायची आणि बदल एकदम करायचा. ॲक्टिव्ह डिरेक्टरी (विंडोज नेटवर्कमधली खात्यांची मध्यवर्ती यादी) फुटली असेल तर केआरबीटीजीटी खात्याचा (ज्याच्या आधारे लॉगिनची तिकिटं बनतात त्याचा) पासवर्ड दोनदा बदलावा लागतो, कारण आधीचा पासवर्डही चालत राहतो. दोन बदलांमध्ये तिकिटांच्या मुदतीएवढं, म्हणजे डिफॉल्ट सेटिंगला दहा तासांचं, अंतर ठेवावं, नाहीतर चालू सेवांची तिकिटं मध्येच बाद होतात. हे घाईत आठवत नाही, म्हणून आधी लिहून ठेवलेलं असावं. असे बदल चॅटमध्ये लिहिताना तो चॅट हल्लेखोराला दिसत नाही याचीही खात्री हवी.

नोंदीचं मोल मला सगळ्यात जास्त कळलं ते डिसेंबर 2021 मध्ये, लॉगफोरजे या जावा प्रोग्रामांतल्या नोंदींच्या लायब्ररीत सुरक्षेचा मोठा दोष सापडला त्या वेळी. पहिली सुधारित आवृत्ती 2.15.0 सगळ्यांनी रात्रंदिवस बसून लावली. ती पुरेशी नव्हती, म्हणून काही दिवसांतच 2.16.0 आणि पाठोपाठ 2.17.0 आली. ज्या टीमनी कुठल्या मशीनवर कुठली फाइल बदलली आणि कुठे फक्त सेटिंगने काम भागवलं, याचा तक्ता ठेवला होता, त्यांची दुसरी आणि तिसरी फेरी काही तासांत झाली. बाकीच्यांनी दर वेळी पहिल्यापासून शोध घेतला.

आता इन्सिडंट संपल्यानंतरचं. बहुतेक टीम इथेच हरतात, कारण सगळे दमलेले असतात. हाताने केलेला बदल कॉन्फिगच्या रिपॉझिटरीत (सेटिंगची अधिकृत प्रत जपली जाते तिथे) गेला नाही, तर तो फार काळ टिकत नाही. मी पाहिलेल्या एका ठिकाणी सर्व्हरवर थेट वाढवलेली फाइल-हँडलची मर्यादा तीन आठवड्यांनी कॉन्फिग मॅनेजमेंटच्या (रिपॉझिटरीतलं कॉन्फिग सर्व्हरवर आपोआप लावणाऱ्या साधनाच्या) पुढच्या फेरीत गुपचूप जुन्या आकड्यावर आली, आणि तोच इन्सिडंट तसाच्या तसा परत घडला. म्हणून प्रत्येक तातडीच्या बदलाचा निकाल एका कामाच्या दिवसात लागला पाहिजे: कायम ठेवायचा तर रिपॉझिटरीत घाला, नाही ठेवायचा तर काढा, आत्ता ठरवता येत नसेल तर त्यावर मालकाचं नाव आणि मुदतीची तारीख टाका. चालू राहिलेलं डीबग लॉगिंग, सगळ्यांसाठी उघडा राहिलेला पोर्ट, त्या रात्री दिलेली ॲडमिनची परवानगी, बंद केलेला अलार्म, हे हमखास राहून जातात. यांची एक कायमची यादी करा आणि इन्सिडंट बंद करण्याआधी ती वाचा.

रात्री माणूस एकटाच असतो, दुसरा मिळत नाही, असंही होतं. त्यासाठी शांतपणे बसून आधीच ठरवा की एकटा माणूस काय काय करू शकतो: नोड बाहेर काढणं, ठरलेल्या पायऱ्यांनी रीस्टार्ट, फ्लॅग बंद करणं, मर्यादेत क्षमता वाढवणं. हे स्टँडर्ड चेंज म्हणून मंजूर करून ठेवा, शक्यतो स्क्रिप्टमध्ये, आणि स्क्रिप्टला अडसर घाला. 28 फेब्रुवारी 2017 ला ॲमेझॉनच्या एस3 या फाइल साठवण्याच्या सेवेत एका कमांडला चुकीचा आकडा गेला आणि हवे होते त्यापेक्षा खूप जास्त सर्व्हर काढले गेले. नंतर त्यांनी ते साधन असं बदललं की क्षमता हळूहळूच काढता येईल आणि ठरावीक किमान पातळीच्या खाली जाताच येणार नाही. या यादीबाहेरचं काहीही असेल तर फोन करून दुसऱ्याला उठवायचं. उठवल्याबद्दल कोणाला बोल लागणार नाही, हे वरिष्ठांनी आधी जाहीर सांगितलेलं असावं, नाहीतर कोणी उठवत नाही.

इमर्जन्सी चेंज महिन्याला किती होतात तेही मोजा. खरे तातडीचे किती आणि आठवड्याची बैठक चुकवण्यासाठी तातडीचे म्हणवलेले किती, हे वेगळं काढा. दुसरा आकडा मोठा असेल तर माणसांना दटावून उपयोग नाही, बैठक रोजची करा किंवा छोट्या बदलांना तिची गरजच ठेवू नका. ऑडिटवाल्यांना या चर्चेत सुरुवातीपासून घ्या. फॉर्म आधी की नंतर यावर ते अडून बसतात, कारण 'नंतर' कधी उजाडत नाही हे त्यांनी पाहिलेलं असतं. चॅनेलमधला वेळेसकट निरोप, तोंडी मंजुरी देणाऱ्याचं नाव आणि दोन कामाच्या दिवसांत झालेला आढावा हे त्यांना नियमाने मिळत राहिलं, तर त्यांचा विरोध मावळतो. दोन ठिकाणी मी हे होताना पाहिलं आहे.

हे सगळं बसवायला वेळ लागेल. पण तुमच्या गेल्या खेपेचे बदल अजून प्रॉडक्शनमध्ये कुठेतरी बसलेले आहेत, आणि ते आजच शोधायला घ्या. त्या रात्री लॉगिन केलेल्यांची यादी काढा, त्यांच्या शेल हिस्टरी (टाइप केलेल्या कमांडच्या याद्या) पाहा, डेटाबेस आणि क्लाउड कन्सोलचे ऑडिट लॉग त्या तासांपुरते बाजूला काढून ठेवा, आणि प्रत्येक सर्व्हरचं आजचं कॉन्फिग रिपॉझिटरीतल्या कॉन्फिगशी ताडून पाहा. लॉग ठेवण्याची मुदत आधी तपासा. ती संपत आली असेल तर बाकी सगळं थांबवून पहिल्यांदा त्यांची प्रत घ्या.